स्थानिक शेतमाल आसपासच्या परिसरात पोचवण्याची व्यवस्था उभारायची, तर सुरुवात कुठून करावी?

गोदाम किंवा गाडी घेण्याआधी गिऱ्हाईक पक्कं करा. शाळा, रुग्णालयं, खानावळी असे दर आठवड्याला ठरावीक माल उचलणारे दोन-तीन खरेदीदार मिळाले की बाकी गणित बसवता येतं.

खरी अडचण अंतराची नसते, अर्धवट भरलेल्या गाडीची असते. दहा शेतकरी आपापला थोडा थोडा माल घेऊन वेगवेगळे निघाले, तर दर किलोमागे लागणारं इंधन दुरून येणाऱ्या भरल्या ट्रकपेक्षाही जास्त पडू शकतं. म्हणून एक सामाईक संकलन केंद्र हवं: तिथे प्रतवारी, वजन, क्रेटमध्ये भरणं आणि तिथूनच ठरलेल्या मार्गाने, ठरलेल्या वारी गाडी. परतीला रिकामे क्रेट आणायचे.

शीतगृहाबाबत मात्र घाई नको. पालेभाज्यांना ० अंशाच्या जवळपासचं तापमान आणि ९५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते; केळी १३ अंशांच्या खाली काळी पडतात. शिवाय पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे पालेभाज्या पिवळ्या पडतात. म्हणजे एकच मोठी खोली बांधण्यापेक्षा दोन लहान बऱ्या. आणि काढणी पहाटे करून माल लगेच थंड केला, तर तेवढ्यानेच टिकाऊपणा खूप वाढतो. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण आधी तापलेला माल नंतर कितीही गार केला तरी गेलेला ताजेपणा परत येत नाही.

पेरणीही टप्प्याटप्प्याने ठरवून घ्या, नाहीतर सगळ्यांचा माल एकाच आठवड्यात येतो.