उंदरांचं औषध आणि घुबडं

प्रश्न: आमच्या सोसायटीत दर महिन्याला पेस्ट कंट्रोलवाला उंदरांसाठी निळे केक ठेवून जातो, मागच्या टेकडीवर घुबडं आहेत, त्यांना काही होतं का? बंद करायला सांगता येईल का? - एक वाचक, कोथरूड

उत्तर: हो, होतं ना! त्या केकमध्ये बहुतेक ब्रोमॅडिओलोन असतं, त्याने रक्त गोठायचं थांबतं पण उंदीर लगेच मरत नाही, चार-पाच दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो आणि नेमका तोच घुबडाला, मांजराला सापडतो, मग ते विष त्यांच्या लिव्हरमध्ये महिनोन्‌महिने साठत राहतं. लॉस एंजेलिसमधल्या पी-२२ नावाच्या प्यूमाच्या (बिबट्यासारखा मोठा मार्जारवर्गीय प्राणी) रक्तात २०१४ मध्ये रक्त गोठू न देणारी अशीच उंदरांची विषं सापडली होती. कॅलिफोर्नियाने २०२१ पासून ब्रोमॅडिओलोनच्या गटातल्या विषांच्या बहुतेक वापरावर बंदी घातली.

तुम्ही कायद्याची वाट बघू नका, सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव करा आणि पेस्ट कंट्रोलच्या काँट्रॅक्टमध्येच लिहून घ्या की विष नाही, फक्त पिंजरे. ग्लू ट्रॅप पण नको, फार क्रूर प्रकार आहे तो आणि त्यात पक्षी, सरडेही अडकतात. कचऱ्याचे डबे झाकणाचे, ड्रेनेजला जाळ्या, भिंतीतली भोकं सिमेंटने बुजवा, खायलाच मिळालं नाही की उंदीर आपोआप कमी होतात. आणि कुत्र्यामांजराने केक खाल्ला तर ताबडतोब व्हेटकडे न्या, व्हिटॅमिन के-१ हा त्यावर उतारा आहे.