पहिल्यांदा गोल्फ कोर्सवर जाताय? टी पुढची घ्या

मागच्या टीवरून (होलचा पहिला फटका मारायची जागा) मारायचा मोह टाळा. ड्रायव्हरने (सर्वांत लांब फटक्याचा क्लब, म्हणजे काठी) मारलेला चेंडू साधारण 200 यार्ड जात असेल तर 18 होलची एकूण लांबी 5200 ते 5400 यार्ड असलेली टी निवडा, 150 जात असेल तर 3500 ते 3700. नाहीतर पार-4 वर (चार फटक्यांत संपवायचा होल) दुसऱ्या फटक्यालाही वुड, म्हणजे लांब फटक्याची काठीच काढावी लागते, आणि नवख्याच्या हातून सगळ्यात जास्त बिघडते तीच. पुढची टी 'लेडीज टी' म्हणून कुणी हसलं तर हसू द्या.

नियमाने 14 क्लब चालतात, पण तुम्हाला सात पुरेत: एक हायब्रिड (वुड आणि आयर्नच्या मधला), 6, 7, 8 आणि 9 आयर्न (लोखंडी), सँड वेज (वाळूतून काढायचा), पटर (भोकाजवळच्या बारीक गवतावर, म्हणजे ग्रीनवर, चेंडू घरंगळवायचा). ड्रायव्हर सध्या रेंजवरच (सरावाच्या मैदानावर) राहू दे. त्याचा लॉफ्ट (फेसचा तिरकेपणा) कमी, त्यामुळे क्लबफेस (चेंडूला लागणारी बाजू) जरा उघडा राहिला तरी चेंडू उजवीकडे झाडीत जातो (डावखुऱ्यांचा डावीकडे).

हरवलेला चेंडू तीन मिनिटंच शोधायचा. 2019 च्या आधी पाच मिळायची. मैत्रीच्या राउंडमध्ये मागे परत न जाता दोन फटक्यांचा दंड धरून फेअरवेच्या (टी ते ग्रीनमधला कापलेल्या गवताचा पट्टा) कडेला चेंडू ड्रॉप करा, म्हणजे हातातून खाली सोडा. हवं तर कोर्स चालवणारा क्लबही हे स्थानिक नियमाने लागू करू शकतो. पारच्या दुप्पट फटके झाले की चेंडू उचला. मागचा गट खोळंबला की घाई होते, आणि घाईत स्विंग हमखास बिघडतो.

पहिले काही राउंड नऊ होलचेच खेळा, जमलं तर चौघांत स्क्रॅम्बल: सगळे मारतात, सर्वांत चांगल्या चेंडूच्या जागेवरून पुढचा फटका सगळेच मारतात. ग्रीनवरचा पिचमार्क (चेंडू पडून झालेला खड्डा) मात्र स्वतःच दुरुस्त करा, कडेची माती मध्याकडे ढकलून; खालून उचकटलीत तर मुळं तुटतात.