हरभऱ्याला रॉक फॉस्फेट लागू पडले नाही, त्याचे माझ्या अनुभवातले कारण

शेणखतासोबत रॉक फॉस्फेट (स्फुरद म्हणजे फॉस्फरस असलेल्या खडकाची भुकटी) देऊनही हरभरा खुजा राहिला, मुळांवरच्या गाठी बारीक आहेत, आता डीएपी (नायट्रोजन आणि फॉस्फरस देणारे रासायनिक खत) टाकू का, असे आपण विचारले आहे. मातीचा सामू (पीएच) ८.३, म्हणजे जमीन अल्कधर्मी असल्याचे आपण शेवटी ओझरते लिहिले आहे. माझ्या मते गोम तिथेच आहे.

माझेही असेच झाले होते. माती परीक्षणाचा अहवाल घेऊन मी एका कार्यालयात गेलो, तेव्हा तिथल्या गृहस्थांनी ‘उपलब्ध स्फुरद कमी’ एवढीच ओळ वाचून सुपर फॉस्फेट पूर्ण बंद करायला आणि त्याऐवजी रॉक फॉस्फेट घालायला सांगितले. त्याच कागदावर दोन ओळी वर सामू आणि मुक्त चुना छापलेला होता; तो त्यांनी पाहिला नाही आणि, खरे सांगायचे तर, मीही पाहिला नाही. रॉक फॉस्फेट विरघळायला आम्लता लागते, ती चुनखडीच्या जमिनीत कुठून मिळणार? पुढच्या नांगरटीत ढेकूळ फोडले, तर आत राखाडी भुकटी टाकली तशीच होती. पुन्हा विचारायला गेलो, तर ‘आणखी एक वर्ष थांबा’ असे सांगण्यात आले. त्या उत्तराचा राग अजून गेलेला नाही.

आता मी स्फुरदाचा मोठा वाटा सिंगल सुपर फॉस्फेटमधून देतो, कारण त्यात १६ टक्के स्फुरदासोबत सुमारे ११ टक्के गंधकही असते, जे डीएपीत नसते. ते पूर्ण कुजलेल्या शेणखतात मिसळून बियाण्याच्या थोडे खाली, ओळीत पेरतो. स्फुरद जमिनीत जागचा फारसा हलत नाही आणि शेणखतातील सेंद्रिय आम्लांमुळे तो चुन्याशी लगेच बांधला जात नाही. खत अर्धकच्चे असेल, तर मात्र सूक्ष्मजीवच तो काही काळ अडकवून ठेवतात. जिवाणूसंवर्धक (मुळांवर गाठी तयार करणारे जिवाणू) लावलेले बियाणे सुपर फॉस्फेटमध्ये कधीही कालवू नये, त्यातील आम्लाने जिवाणू मरतात.

मी शास्त्रज्ञ नाही, आणि आम्लधर्मी जमिनीत हा सल्ला उलटा ठरेल. तिथे रॉक फॉस्फेट चांगले चालते. उभ्या पिकात वरून डीएपी फेकण्यात मला अर्थ वाटत नाही. फुलोऱ्यात २ टक्के डीएपीची फवारणी करता येईल, पण त्याआधी दोन-चार गाठी नखाने फोडून पाहा: आतून गुलाबी असतील, तर त्या हवेतील नत्र (नायट्रोजन) पिकाला मिळवून देण्याचे काम करीत आहेत, हिरवट किंवा पांढुरक्या निघाल्या, तर फवारणीकडूनही फार अपेक्षा ठेवू नये.