बेळगावात मराठी सिनेमाचा खास खेळ लावताय? लायसन्स कुठल्या पडद्याचं ते आधी विचारा

ताई, तुम्ही लिहिलंय ते मला शब्दाशब्दाला ओळखीचं आहे. खानापुराहून सकाळच्या गाडीनं बेळगावला आलात, पुरस्कार मिळालेल्या मराठी सिनेमाचा आठवड्यातला एकच खेळ, तोही सकाळी दहाचा, आणि खिडकीवर कळलं की चारच तिकिटं गेली म्हणून रद्द. आता तुम्ही पन्नास-साठ जण जमवलेत, अख्खा खेळच घ्यायचा म्हणताय, आणि थिएटरचे मॅनेजर सांगतात, "पैसे आधी रोख द्या, सिनेमा आणायचं मी बघतो." द्यावेत का, असं विचारलंय.

देऊ नका. निदान या आठवड्यात तरी देऊ नका.

माणसं कशी गोळा करायची, वर्गणी कशी काढायची हे सांगत बसत नाही, ते तुम्ही केलंच आहे. माझं जिथं फसलं तेवढंच सांगतो, कारण तुम्ही नेमक्या त्याच पायरीवर उभ्या आहात.

आठ वर्षांपूर्वी आम्ही शहापूर-वडगावच्या पाच मित्रांनी असाच खेळ ठरवला. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला सिनेमा, कोल्हापूरला आठवडाभर चालला आणि बेळगावात लागलाच नाही. ७२ जण तयार झाले, प्रत्येकी १५० रुपये. त्यात निपाणीचं एक कुटुंब होतं, आमचे शाळेतले सर होते, आणि माझ्या कामावरचे तिघं कन्नड मित्र होते, ज्यांना मराठी समजतं पण भरभर बोललेलं कळत नाही.

पहिले तीन आठवडे एका वितरण कचेरीत खेटे घालण्यात गेले. नाव लिहीत नाही. तिथं उत्तर ठरलेलं: बेळगाव कर्नाटकात येतं, बेंगळूरला विचारा. बेंगळूरला फोन लावला की ते म्हणणार, मराठीचे हक्क आमच्याकडे नाहीत. परत कचेरी. साहेब जेवायला गेलेत, साहेब हुबळीला गेलेत, सोमवारी या. शेवटी एका जुन्या ऑपरेटर काकांनी सांगितलं की सिनेमाधंद्याचा नकाशा राज्यांच्या नकाशावर चालत नाही. तिथं सर्किटं, म्हणजे सिनेमा वाटपाचे विभाग, असतात आणि ती स्वातंत्र्यापूर्वीच्या प्रांतांवरून पडलेली आहेत. बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार हे जुन्या मुंबई इलाख्यातले जिल्हे, म्हणून धंद्याच्या भाषेत आपण मुंबई सर्किटात येतो. म्हैसूर सर्किट निराळं. १९५६ ला राज्यांच्या हद्दी बदलल्या, सर्किटं तशीच राहिली. म्हणजे हक्क पहिल्यापासून मुंबईत होते. त्या कचेरीतल्या प्रत्येकाला हे ठाऊक असणार, रोजचा धंदाच तो. एक वाक्य बोलायचं होतं, तेवढं कुणी बोललं नाही. आजही त्या जिन्यावरून जाताना माझं डोकं तापतं.

पण ते तीन आठवडे परवडले. खरी चूक माझीच, आणि ती पुढची.

सिनेमा आता रिळांच्या पेट्यांतून येत नाही. फाईल येते, आणि ती कुलूपबंद असते. ती उघडायची चावी, जिला ऑपरेटर लायसन्स किंवा केडीएम म्हणतात, एका ठरावीक सर्व्हरसाठी, म्हणजे सिनेमा चालवणाऱ्या यंत्रासाठी, आणि ठरावीक तारीख-वेळेपुरतीच तयार होते. एकाच थिएटरात दोन पडदे असले तर दोघांचे सर्व्हर वेगळे. एकाची चावी दुसऱ्याला लागत नाही. मला यातलं काहीच माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नाही. मॅनेजर म्हणाले, सगळं माझ्यावर सोडा. मी १०,८०० रुपये रोख दिले, पावती न घेता.

रविवारी सकाळी पडदा दोनचा एसी बिघडला. मॅनेजरनी आम्हाला पडदा एकमध्ये बसवलं. लायसन्स दोनचं होतं. सिनेमा उघडेना. मुंबईचं ऑफिस रविवारी बंद, फोन कुणी उचलेना. एक तास वीस मिनिटं ७२ माणसं रिकाम्या पडद्याकडे बघत बसली. मग मॅनेजरनी हात वर केले: पैसे पुढं पाठवलेत, परत मिळणार नाहीत. आम्ही पाच जणांनी खिशातून प्रत्येकी २,१६० रुपये काढून लोकांचे पैसे फेडले.

पैशाचं दुःख महिन्याभरात गेलं. निपाणीची माणसं लहान मुलाला घेऊन पहाटे निघाली होती, ते नाही गेलं. माझा गोकाकचा मित्र गाडीजवळ म्हणाला, "ठीक आहे रे, निदान गोष्ट तरी सांग." मला सांगता येईना. मीही तो सिनेमा बघितला नव्हता.

म्हणून माझं ऐका. मॅनेजरना नाही, आधी मुंबईच्या वितरकाला किंवा थेट निर्मात्याच्या ऑफिसला मेल टाका. छोटे निर्माते खरंच उत्तर देतात, तुमच्यासारखी साठ माणसं त्यांनाही हवी असतात. लायसन्स कुठल्या थिएटरच्या कुठल्या पडद्याचं, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, हे लेखी घ्या. दहाच्या खेळाला दहा ते एक एवढंच लायसन्स घेऊ नका, वीज गेली तर संपलं सगळं. दुपारपर्यंतची वेळ मागा. आदल्या रात्रीचा शेवटचा खेळ सुटला की दहा मिनिटं सिनेमा चालवून बघा, आवाजासकट. पैसे बँकेतून द्या आणि अर्धे चाचणीनंतर द्या. मॅनेजर नाराज होतील, होऊ देत. लायसन्सची वेळ खेळाच्या दिवशीच सुरू होत असेल तर आदल्या रात्रीची चाचणी तिच्यात बसते का, तेही त्याच मेलमध्ये विचारा. उपशीर्षकांचंही तेव्हाच बोला, कारण उपशीर्षकांची फाईल बहुतेक वेगळी असते आणि ऐनवेळी मिळत नाही. तुमच्या गटात कन्नड मैत्रिणी असतील तर हे सोडू नका. 'कांतारा'साठी ऋषभ शेट्टींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा आमच्या मराठी मंडळींनीच पेढे वाटले होते. सिनेमाच्या रांगेत आपल्याकडे भाषेवरून कुणी कुणाला मागं ढकललेलं मी तरी पाहिलेलं नाही.

हे सगळं माझ्या अनुभवावरून. मी ना वकील, ना धंद्यातला माणूस. यंत्रणा आता बदलली असेल, नियम एकदा विचारून घ्या. तिकिटाच्या हिशेबातही २०० रुपयांच्या मर्यादेवर विसंबू नका. कर्नाटक सरकारनं सप्टेंबर २०२५ मध्ये ती घातली होती, पण त्याच महिन्यात उच्च न्यायालयानं तिला स्थगिती दिली.

महाराष्ट्रातल्या मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमा दाखवायची अट आहे, ती आपल्याला लागू नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. त्यात पुरस्कार इतक्या उशिरा येतात की सिनेमा तोवर पडद्यावरून गेलेला असतो. २०२३ च्या सिनेमांचे राष्ट्रीय पुरस्कार ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झाले. 'आत्मपॅम्फ्लेट'ला पदार्पणाचा, 'नाळ २'ला बालचित्रपटाचा. दोन्ही पावणेदोन वर्षांपूर्वी लागून गेले होते. माझं मत विचाराल तर असा खेळ पुरस्कारानंतरच्या पंधरा दिवसांत मागावा. तेव्हा वितरकालाही तो सिनेमा पुन्हा आठवलेला असतो.

आणि एक बोलतो, राग मानू नका. तुमच्या गटात ऑस्करवरून भांडणं चाललीत म्हणालात. २०२४ ला आमच्याकडेही झाली. भारतानं 'लापता लेडीज' पाठवला, कान महोत्सवात ग्राँ प्री मिळवलेला पायल कपाडियांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' राहिला. आठवडाभर आवाज चढले. मी एकेकाला विचारलं, दोन्ही बघितलेत का? अकरा जणांत दोघांनी बघितले होते. छाया कदम दोन्ही सिनेमांत आहेत, आणि दोन्हीकडे काय ताकदीचं काम केलंय बाईंनी! एवढं एक बघितलं असतं तरी भांडण सोडून लोक त्यांच्याबद्दल बोलले असते. जानेवारी २०२५ ला 'साबर बोंडं' या मराठी सिनेमाला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात मोठं ज्युरी पारितोषिक मिळालं, तेव्हा पहिल्याच दिवशी आपल्याकडे मतं तयार होती. सिनेमा भारतात लागला सप्टेंबरात. न बघता दिलेलं मत मी आता ऐकूनच घेत नाही, कितीही जवळच्या माणसाचं असो.

खेळ जमलाच नाही तर नोव्हेंबरात इफ्फीला, गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, चला. चोर्ला घाटानं पणजी तीन-साडेतीन तासांवर आहे, आपल्याला मुंबईकरांपेक्षा जवळ. प्रतिनिधी म्हणून नोंदणी वेळेत करा आणि प्रत्येक सिनेमाची जागा ऑनलाइन धरा. जागा भराभर जातात, पण बाहेरच्या रांगेत थांबलं की बऱ्याचदा आत सोडतात. गेल्या खेपेस मी तसेच दोन सिनेमे बघितले.

मोबाईलवरचा ओटीटीचा सिनेमा प्रोजेक्टरवर लावून हॉलमध्ये दाखवायचं कुणी सुचवेल, ते ऐकू नका. ते खातं घरच्यासाठी असतं, चारचौघांत दाखवायला परवानगी लागते, आणि ज्याच्यासाठी आपण एवढी धडपड करतोय त्या निर्मात्याला त्यातून एक पैसा मिळत नाही.

तारीख ठरली की कळवा. माझी आणि बायकोची दोन तिकिटं धरा. गोकाकच्या मित्रालाही विचारतो, म्हणजे तीन. आदल्या रात्रीच्या चाचणीला मी टिळकवाडीहून येऊ शकतो, कितीही उशीर झाला तरी.