मी तिची आई आहे की नुसती बघायला येणारी?

प्रश्न : ताई, माझी मुलगी 29 आठवड्यांना झाली, वजन 1150 ग्रॅम. आज 19 दिवस झाले, एनआयसीयूतच, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातच आहे, नाकाला श्वासाला मदत करणारा सीपॅप लावलाय, दूध नळीने देतात. मी रोज जाते, कोपरापर्यंत हात धुते आणि तिला उबेत ठेवलेल्या काचेच्या पेटीपाशी उभी राहून मॉनिटर बघत बसते. परवा अलार्म वाजला, तिचा श्वासच थांबला होता, सिस्टरने तळपायाला हलकेच टिचकी मारली आणि ती परत श्वास घ्यायला लागली, पण मला अजून धडधडतंय. हात लावायचीही भीती वाटते. पंप केल्यावर जेमतेम 15 मिली दूध येतं. सगळं सिस्टरच करतात, मग मी तिथे जाऊन काय करते? आणि घरी कधी सोडतील हे कोणीच सांगत नाही.

उत्तर : अगं, तुझं पत्र वाचलं आणि मी थेट माझ्या लेकीच्या पेटीपाशी जाऊन उभी राहिले. तीही लवकर आलेली, आणि मीसुद्धा कितीतरी दिवस फक्त आकडे वाचत होते.

आधी अलार्मचं बोलू. इतक्या लवकर आलेल्या बाळांच्या मेंदूतला श्वास सांभाळणारा भाग अजून कच्चा असतो, त्यामुळे ती मधूनच श्वास घ्यायला विसरतात. 20 सेकंदांहून जास्त थांबला तर त्याला अॅप्निया म्हणतात. त्यासाठी कॅफिन देतात, हो, कॉफीतलंच, तुझ्या लेकीला चालू आहे का विचारून घे. बाळ मोठं होत जातं तसं हे कमी होत जातं, बऱ्याच जणांचं गरोदरपणापासून मोजलेल्या 34 ते 36 आठवड्यांपर्यंत, काहींना अजून वेळ लागतो. आणि प्रत्येक अलार्म म्हणजे श्वास थांबला असं नसतं, पायावरचा ऑक्सिजन मोजणारा प्रोब जरासा सरकला तरी मशीन ओरडतं. म्हणून वाजला की आधी तिच्याकडे बघायचं, ओठांचा रंग कसा आहे, छाती हलतेय का, आणि मग आकडा. मला हे एका सिस्टरने शिकवलं आणि त्या दिवसापासून मी मॉनिटरकडे पाठ करून बसायला लागले.

आता हात लावायचं. तुझी भीती अगदीच चुकीची नाहीये, कारण त्यांची त्वचा फार पातळ असते आणि आपण मायेने बोटं फिरवतो ना, ते त्यांना सहन होत नाही. पण ठेवलेला हात चालतो. हात कोमट करून घे, एक तळवा तिच्या डोक्यावर टोपीसारखा ठेव, दुसऱ्याने पावलं पोटाकडे घेऊन धरून ठेव, आणि हलवू नकोस, नुसतं थांब. आधी ती वळवळेल, मग हळूहळू कपाळावरची आठी जाते आणि हाताची मूठ तोंडाकडे येते. ती बोटं फाकवून हात ताठ करायला लागली किंवा लागोपाठ उचक्या-जांभया द्यायला लागली तर समज की आता दमली, तेव्हा थोडं थांबायचं.

आणि डॉक्टरांना कांगारू केअरचं विचारच. 1978 च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटामध्ये पेट्या कमी पडत होत्या म्हणून तिथल्या डॉक्टरांनी बाळं आईच्या उघड्या छातीवर बांधायला सुरुवात केली, आणि 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कमी दिवसांच्या बाळांसाठी हे दिवसातून 8 ते 24 तास करावं असं सांगितलं, म्हणजे ही फावल्या वेळात करायची गोष्ट नाही, हा उपचार आहे. बाळ स्थिर असेल तर सीपॅप असतानाही करता येतं. नळ्या सांभाळत उचलायला सिस्टरची मदत लागते आणि उचलण्यात बाळ दमतं, म्हणून एकदा घेतलं की निदान तासभर तरी बसायचं ठरवूनच जा. नवऱ्यालाही बसव, बाबाची छातीही तेवढीच उबदार असते.

दुधाचं. 1150 ग्रॅमच्या बाळाला पूर्ण फीड चालू असलं तरी दर 2 तासांनी साधारण 14 मिली लागतं. म्हणजे तू ज्याला जेमतेम म्हणतेस ते तिचं एक अख्खं जेवण आहे गं! आणि आईच्या दुधावरच्या बाळांना आतड्याच्या त्या गंभीर आजाराचा, एनईसीचा, धोका कमी असतो. पण दूध वाढवायला हवंच. 24 तासांत 8 ते 10 वेळा पंप कर, त्यातलं एकदा रात्री, आणि कांगारू झाल्या झाल्या लगेच. तरीही वाढलं नाही तर स्तनपान सल्लागाराला पंपाच्या कपाचं माप बघायला सांग, ते चुकलं की दूध नीट निघत नाही.

घरी कधी? पेटीबाहेर अंगातली ऊब टिकली पाहिजे, तोंडाने दूध पिऊन वजन वाढलं पाहिजे आणि काही दिवस श्वास थांबायला नको. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ 32 ते 34 आठवड्यांच्या आसपास बसायला लागतो, तुझी अजून 32 चीसुद्धा झालेली नाही, म्हणून कोणी तारीख देत नाहीये. बरीचशी बाळं मूळ डिलिव्हरीच्या तारखेच्या आगेमागे घरी जातात. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, आरओपीची, कधी आहे ते मात्र आत्ताच विचारून लिहून ठेव, ती चुकवायची नाही.

एक अजून, सतत रडू येत असेल, ती झोपलेली असतानाही तुला झोप लागत नसेल, तर तुझ्या डॉक्टरांना सांग. एनआयसीयूतल्या आयांना हे बऱ्याचदा होतं आणि त्यावर उपचार आहेत.

उद्या गेलीस की सिस्टरला एवढंच विचार, पुढचा डायपर कधी बदलणार? आणि म्हण, मी बदलते, तुम्ही बाजूला उभ्या राहा.