वजनाची वही आधी बंद करा

पत्र : मुलगी चौदा वर्षांची, जन्म मिशिगनचा. सहाव्या वर्षापासून बर्फावर, गेली चार वर्षं आइस डान्स, म्हणजे मुलगा-मुलीच्या जोडीने बर्फावर करायचं नृत्य. मार्चमध्ये तिचा जोडीदार दुसऱ्या मुलीबरोबर खेळायला गेला. युद्धामुळे युक्रेनचे बरेच स्केटर बाहेर आले आहेत. त्यांच्यातला एखादा मुलगा शोधून तिला युक्रेनकडून खेळवावं असा विचार आहे. अमेरिकेत रांग मोठी, तिथे जागा रिकामी. तिचं ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) असल्याने भारताचाही पर्याय आहे. लिफ्टमध्ये जड होऊ नये म्हणून रोज सकाळी तिचं वजन करून वहीत लिहितो. अलीकडे ती फारशी बोलत नाही. मार्ग सुचवावा.
— एक वडील, नोवी, मिशिगन

सप्रेम नमस्कार,

तुमचं मूळ पत्र अडीच पानांचं आहे. कोचची फी, रिंकचे तास, बुटांचा खर्च, सगळा हिशेब त्यात आहे. मुलीबद्दल मात्र शेवटची दोनच वाक्यं. एकात वजनाची वही, दुसऱ्यात ‘फारशी बोलत नाही’. ही वाक्यं तुम्ही एकाखाली एक लिहिलीत. मी तिथेच अडले.

चौदाव्या वर्षी मुलीचं वजन वाढायलाच हवं. रोज तासन् तास सराव करणारी मुलगी काट्याच्या धाकाने दोन घास कमी खाऊ लागली, तर पाळी अनियमित होते, हाडं कमकुवत होतात, साध्या सरावातही पायाच्या हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. तिच्या पाळीबद्दल आईने तिच्याशी मोकळेपणाने बोलावं आणि याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावं. वही आजच बंद करा. शिवाय वहीमागचं कारणच चुकीचं आहे. जोडीदाराला डोक्यावर हात ताणून उचलणं हे पेअर स्केटिंगचं काम, आइस डान्समध्ये तशा लिफ्टला परवानगीच नाही. इथली लिफ्ट वेगावर, तोलावर आणि दोघांच्या एकत्र सुटलेल्या श्वासावर उभी असते. सकाळी सहाला काट्यावर उभं राहून बापाच्या चेहऱ्याकडे बघणाऱ्या मुलीला तो श्वास सापडत नाही.

आता युक्रेन. छोट्या देशाचा झेंडा घेतला की ऑलिंपिकचं दार उघडतं, हा समज मला बऱ्याच पालकांत दिसतो. जागतिक स्पर्धेत जोडीतल्या एकाचं नागरिकत्व त्या देशाचं असलं तरी चालतं. ऑलिंपिकला मात्र दोघंही त्या देशाचे नागरिक लागतात. 2014च्या सोची ऑलिंपिकमध्ये युक्रेनकडून खेळलेली शिवॉन हीकिन-कॅनेडी जन्माने अमेरिकन होती, पण तिलाही आधी युक्रेनचं नागरिकत्व घ्यावं लागलं. भारताचंही तेच. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे, आणि भारतीय पासपोर्ट हवा तर अमेरिकन सोडावा लागेल. हे सगळं जमलं तरी किमान गुणांची अट झेंडा बघून सैल होत नाही. युक्रेनमधल्या ओडेसाची आइस डान्स जोडी ओलेना ग्रुशिना आणि रुस्लान गोंचारोव 1998च्या नागानो ऑलिंपिकमध्ये पंधरावे आले, 2002मध्ये नववे, आणि 2006मध्ये तुरिनला त्यांनी कांस्य जिंकलं. तीन ऑलिंपिक, तीच जोडी. त्याच ओडेसात जन्मलेले ओक्साना ग्रिशुक आणि येव्हगेनी प्लातोव 1994 आणि 1998मध्ये रशियाच्या झेंड्याखाली सुवर्ण जिंकले. झेंडे वेगळे, पण दोन्हीकडे जोडी वर्षानुवर्षं टिकली होती.

‘तिथे जागा रिकामी’ हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ती का रिकामी झाली ते आठवा. युक्रेनमधल्या खार्किवचे आइस डान्सर ओलेक्सांद्रा नाझारोवा आणि मॅक्सिम निकितिन फेब्रुवारी 2022मध्ये बीजिंग ऑलिंपिक खेळले, आणि त्याच महिन्यात त्यांच्या शहरावर बॉम्ब पडू लागले. मार्चमध्ये ते फ्रान्समध्ये माँपेलियेला जागतिक स्पर्धेत उतरले. अंगावर चमचमते पोशाख नव्हते, साधे निळे-पिवळे सरावाचे कपडे होते. रिदम डान्स ही पहिली फेरी केली, प्रेक्षक उभे राहिले, आणि फ्री डान्स या दुसऱ्या फेरीआधी त्यांनी माघार घेतली. युक्रेनचा पेअर स्केटर द्मित्रो शारपार जानेवारी 2023मध्ये बाखमूतच्या लढाईत मारला गेला. घरदार सोडून आलेल्या एखाद्या मुलाला तुमच्या मुलीसारखा जोडीदार हवा असेल, दोघांचं जमत असेल, तर जरूर खेळू द्या. पण त्याच्या देशाची ही अवस्था तुमच्या हिशेबात सवलत म्हणून धरू नका. मला ते फार लागलं.

शाळा चालू ठेवा. कॉलेजच्या प्रवेशाचं वेळापत्रक तुम्हाला माहीत आहेच, फक्त फिगर स्केटिंग (आइस डान्स त्यातच येतो) एनसीएएमध्ये, म्हणजे अमेरिकन कॉलेजांच्या क्रीडा संघटनेत, नाही, त्यामुळे त्यावर खेळाडूंची शिष्यवृत्ती धरून चालू नका. जोडीदार मिळेपर्यंत तिला सोलो डान्स, म्हणजे एकटीने आइस डान्स, खेळता येईल, अमेरिकेत त्याच्या वेगळ्या स्पर्धा होतात. 2014मध्ये आइस डान्सचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेले मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट तुमच्याच राज्यातले, ऑलिंपिकचा सराव करता करता मिशिगन विद्यापीठात शिकत होते.

पण यातलं काहीही ठरवण्याआधी एक रविवार रिंक नाही, कोचचा फोन नाही, असा काढा. तिला विचारा, जोडीदार गेला त्या दिवशी काय वाटलं. बोलली नाही तर शेजारी बसून राहा. आणि पुढचं पत्र तुम्ही लिहू नका, तिला लिहू द्या. मराठीत लिहिता येत नसेल तर इंग्रजीत चालेल. तिने लिहिलेलं तुम्हाला कळवणार नाही, हेही तिला आधीच सांगा.