तीन सर्व्हरांवरची साठवण एकच मोठा व्हॉल्यूम म्हणून वापरता येते का?
होय. पुण्यातील आपल्या कार्यालयातले प्रत्येकी 4 टीबीचे तीन लिनक्स सर्व्हर ग्लस्टरएफएसने (अनेक सर्व्हरांची साठवण एकत्र करणाऱ्या सॉफ्टवेअरने) जोडता येतील. निव्वळ वितरित पद्धतीत 12 टीबी जागा मिळते, मात्र प्रत्येक फाइल एकाच सर्व्हरवर राहत असल्याने तो बंद पडताच तिथल्या फाइली हाती लागत नाहीत. तिहेरी प्रती ठेवल्यास ही चिंता मिटते, पण जागा 4 टीबीच उरते. माझ्या मते 8 टीबी देणारा आणि एक सर्व्हर गेला तरी चालू राहणारा डिस्पर्स्ड प्रकार (फाइलीचे तुकडे, हरवलेला तुकडा परत मिळवण्यापुरत्या जादा माहितीसह, सर्व्हरांवर विखुरणारा) आपल्याला योग्य ठरेल, विशेषतः व्हिडिओसारख्या मोठ्या फाइली असतील तर. असंख्य लहान फाइलींना तो मंद पडतो. बॅकअप स्वतंत्र ठेवावाच, कारण चुकून पुसलेली फाइल तिन्ही सर्व्हरांवरून जाते.